टिकलीबाईचं काय करू?

जालना
१२ ऑगस्ट, मंगळवार, रात्री दहा

प्रिय सरोज,

वर्ष होत आलं. नाताळला तुझं कार्ड आलं, मी उत्तर दिलं नाही. ईस्टरला मेसेज आला, मी नुसते जोडलेले हात पाठवून दिले. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण पत्र संपवून मग. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि सांगायचं राहून आपण दोघी तुझ्या सोसायटीच्या लिफ्टवर बोलत बसतो.

तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा बोलतो. ह्यांची साखर वर-खाली. झालं.

आता टिकलीबाईचं ऐक.

प्रमोदची सून टेक्सासला नर्स आहे ना, ती मागच्या मे महिन्यात आली तेव्हा तेवीस किलोच्या बॅगेत माझ्यासाठी सात पुस्तकं कोंबून घेऊन आली. तिच्या चर्चच्या लायब्ररीतून काढून टाकलेली. एकच मालिका आहे, सात भागांची. अमेरिकेतलं एक लहानसं गाव आणि त्या गावातल्या चर्चच्या चार बायका. दर आठवड्याला एकीच्या घरी जमून गोधड्या शिवतात, प्रार्थना करतात आणि एकमेकींच्या आयुष्यात नाक खुपसतात. तिकडे असल्या पुस्तकांचं वेगळं कपाट असतं म्हणे. शिवीगाळ नाही, नको ते प्रसंग नाहीत. शेवटच्या पानांवर चर्चेसाठी प्रश्न दिलेले, आणि एका भागात तर चक्क केकची कृती.

तू हसशील. मीही पहिल्या भागाला हसले होते. सगळं आधीच कळतं गं. चाळिसाव्या पानावर दोघींचं बिनसलं की समजायचं, अडीचशेव्या पानावर गळ्यात पडणार. कोणी आजारी पडलं की संध्याकाळच्या आत दारात झाकलेलं भांडं घेऊन कोणीतरी उभी. पण दिवसभर पोरांच्या आधार कार्डाची माहिती ऑनलाइन भर, मतदारयाद्या घेऊन दारोदार फीर, खिचडीच्या तांदळाचा हिशोब लाव, आणि वर अंबडच्या बसमध्ये उभ्याने ये, एवढं झाल्यावर मला तेच हवं असतं, पुढे काय होणार ते ठाऊक असलेलं. चहा ठेवायचा, पाय खुर्चीवर टाकायचे आणि त्या बायकांच्या बैठकीत जाऊन बसायचं. तिथे मला कोणी विचारत नाही की मॅडम, तुमची माहिती अजून भरली नाही का. दुसऱ्या भागात एक प्रसंग वाचताना मी बसमध्ये इतकी रडले की कंडक्टर म्हणाला, “मावशी, कोण गेलं?” आता त्याला काय सांगू? म्हटलं, लांबच्या नात्यातली.

बरं, ते माझ्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. ईस्टरनंतरच्या एका गुरुवारी आपल्या चर्चच्या महिला संगतीत बायबलचं वचन वाचून झालं, गाणं झालं आणि चहाचा गॅस संपला. सिलिंडर येईपर्यंत बायकांना थोपवायचं म्हणून मी पहिल्या भागाची गोष्ट सांगायला घेतली. सिलिंडर आलं, चहा झाला, चहा गार झाला, एकही उठेना. पुढच्या गुरुवारी मार्थामावशी यायच्या आधीच विचारायली, “विजू, पुढचं सांगणारेस ना वं?” कधी नव्हे ते आपल्या संगतीला तीस-तीस बायका. तुझ्या वेळेला किती होत्या ते आठव, आणि तू सेक्रेटरी होतीस हेही आठव.

मी सगळं आपल्याकडचं करून सांगते. ग्रेसची कृपाबाई केली, लिलियनची लीलाबाई, रूथ ती रूथच. चौथीचं नाव डॉट. डॉटचं काय करणार? ऐन वेळी तोंडातून निघून गेलं, टिकलीबाई. ख्रिस्ती बायकांच्या बैठकीत टिकली! पाळकीणबाईंनी डोळे मोठे केले, पण बायकांना ती सगळ्यांत आवडते. जाडजूड, बोलघेवडी, स्वयंपाकात बेकार, आणि कोणाच्याही घरात न विचारता शिरणारी. मला वाचताना सतत कोण आठवायचं ते सांगत नाही.

बर्फ कसा सांगायचा हा प्रश्न होता. म्हटलं, २०१४ साली फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली, शिवारं पांढरी पडली, ती आठवा, आणि तशीच चार महिने राहिली असं समजा. सगळ्या गप्प झाल्या. त्या गारपिटीत दोघींच्या मोसंबीच्या बागा झोपल्या होत्या. मी भलतंच उदाहरण दिलं. मग मार्थामावशीच म्हणाली, “मग त्या बाया पाणी कुठून भरतेत? सगळं गोठलं असंल की!” बाई, सात भागांत एकदाही कोणी पाण्याला गेलेली नाही, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

गोधडीला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. मी वाकळ म्हटलं आणि काम झालं. तिसऱ्या गुरुवारी दोघी जुनी लुगडी घेऊन आल्या. आता मी बोलते आणि त्या धावदोरा घालतात. दोन वाकळी पुऱ्या झाल्या, तिसरी चालू आहे.

नवे पाळकसाहेब पोरसवदा आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, संगतीत कादंबऱ्या कशाला? वचन पुरे आहे.” मला चढला राग. म्हटलं, साहेब, मराठीतली पहिली म्हणतात ती कादंबरी १८५७ ची, ‘यमुनापर्यटन’, आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी कोणत्या ख्रिस्ती मंडळीचे होते ते जरा बघा. आणि बायबलातलं रूथचं पुस्तक काय आहे? चार अध्यायांत सासू-सुनेची मैत्रीच आहे की. ते हसले बिचारे. पण जाताना म्हणाले, “रूथचं पुस्तक खरं आहे, मॅडम.” तिथे मी गप्प. तुझं वाक्य आठवलं. त्याच्याकडे येतेच.

तर चौथ्या भागात टिकलीबाईला गाठ निघते. मी तिथपर्यंत सांगून थांबले, घड्याळात साडेपाच झाले होते. शेवटची प्रार्थना मार्थामावशीकडे होती. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि आजारी लोकांची नावं घेता घेता म्हणाली, “आणि बापा, त्या टिकलीच्या गाठीला तू हात लाव. तिला कोणी न्हाई, तिचं पोरगं दूर हाये.” मी डोळे उघडून बघितलं. एकही हसत नव्हती. तीसच्या तीस बायका आमेन म्हणाल्या. सरोज, मीही म्हणाले.

मला वाटलं, मावशीचं वय झालंय, घोटाळा झाला असेल. बाहेर तिच्या चपला शोधून देताना हळूच म्हटलं, “मावशी, ती गोष्टीतली आहे हां.” माझ्याकडे असं बघितलं जसं मीच शाळेत नापास झाले. “मला म्हाईत हाये की. पर गाठ तर हाये ना?”

मग शनिवारी तिची सून भेटली बाजारात. मावशीला दोन महिन्यांपासून गाठ आहे. संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात पुढच्या आठवड्याची तारीख आहे. मावशीनेच सगळ्यांना बजावलंय, संगतीत सांगायचं नाही म्हणून.

आणि मी पाचवा भाग वाचून बसलेय. टिकलीबाई जगत नाही. शेवटच्या प्रकरणात तिघी तिच्या अंगावर गोधडी घालतात, ज्यात तिचाच एक ठिगळ वाकडा शिवलेला असतो. परवा गुरुवारी मला ते सांगायचंय. तीस बायका दोरे ओवून बसणार आणि मावशी पुढच्या चटईवर.

आता तुला कळलं असेल मी तुलाच का लिहिते.

एकोणनव्वद साल. डी.एड.चं दुसरं वर्ष, आई दवाखान्यात, आणि मी परीक्षा सोडून येऊ नये म्हणून तू औरंगाबादहून जालन्याला जाऊन तिच्या उशाशी बसायचीस. मिशनच्या शिक्षिकेने जाताना वाटलेलं ते जाडं इंग्रजी पुस्तक तू तिला मराठीत सांगायचीस, दोन मैत्रिणींचं, एक दूर निघून जाते आणि दुसरी वाट बघते. आई मला म्हणाली होती, “सरोजनी शेवट सांगितला गं. ती परत आली. दोघींनी मिळून जात्यावर दळण घातलं.” अगं, अमेरिकेत जातं कुठून आलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं! नाताळच्या आधी आई गेली. पुढच्या वर्षी तेच पुस्तक मला लायब्ररीत सापडलं आणि कळलं की ती परत येतच नाही.

त्यानंतर मी तुला काय काय बोलले ते लिहीत नाही. तू विसरली नाहीस हे मला माहीत आहे. पिंकीच्या लग्नात चपात्या कमी पडल्या तेव्हासुद्धा त्याचा टोमणा आला होता. मी म्हणाले होते, मरणाऱ्या बाईला तू खोटं सांगितलंस. आणि तू हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून म्हणालीस, “पुस्तकच खोटं होतं, विजू. त्याला शेवट खरा कशाला पाहिजे?” दोन वर्षं आपण बोललो नाही. बायबलात फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल त्या दोघींना विनवतो ना, युवदीयेला आणि सुंतुखेला, एकचित्त व्हा म्हणून. भांडण कशावरून ते काही लिहीत नाही. मला नेहमी वाटतं, असंच काहीतरी असणार, जात्यासारखं.

आता जे सांगायला रविवारपासून धीर होत नव्हता ते. मागच्या खोलीत पाणी गळायला लागलं म्हणून आईची पेटी हलवली. तिचं गीतांचं पुस्तक, ‘उपासना संगीत’, वर काढलं, ते फुगल्यासारखं झालं होतं. आत घडी घातलेली पानं. इंग्रजी. त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण, शिवणीपासून फाडलेलं. मी तर समजत होते की दवाखान्यातली प्रत तू मिशनच्या कपाटात परत केलीस. तू फाडलंस ना ते? मग ते आईच्या हातात कसं आलं? तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण रात्रपाळीला केरळची सिस्टर असायची, बघ, जी तोडक्यामोडक्या मराठीत आईशी तासन्‌तास बोलायची. तिनेच वाचून दाखवलं असणार.

कारण शेवटच्या पानाच्या समासात आईचं अक्षर आहे. पेन्सिलीने, थरथरतं. एकच शब्द. “बिचारी.”

तीन दिवस मी तो शब्द बघतेय. गोष्टीतल्या बाईला म्हणाली की तुला, ते मला ठरवता येत नाही. तुला माहीत असेल तर सांग. तिला कळलंय याचा तुला कधी संशय आला होता का? मला म्हणालीच नाही ती काही. मला तर शेवटपर्यंत जात्याचंच सांगत राहिली, मजेत.

पानं मी सोबत पाठवत नाही, पोस्टाचा भरवसा नाही. ये आणि बघ.

तुझं मोतीबिंदूचं झालं का? पिंकीचं बाळ बसायला लागलं असेल. भाऊजींच्या पेन्शनचं मार्गी लागलं का? वाघोलीत तुमच्याकडे टँकर येतो म्हणे, ऐकून मला जरा बरं वाटलं. पाण्यासाठी जालना सोडलंस ना! मी पुढच्या मे अखेर रिटायर होतेय. निळी पैठणी तुझ्याकडेच आहे, मी विसरलेले नाही.

हे पत्र तुला गुरुवारच्या आत मिळणार नाही हे आत्ता, चौथ्या पानावर, माझ्या लक्षात आलं. म्हणजे मला जे करायचं ते माझं मलाच करावं लागणार. परवा बहुतेक गॅस संपला असं सांगून एक आठवडा ढकलीन. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र सिलिंडर भरलेलं असेल. मावशी दवाखान्यातून जाऊन आलेली असेल. तोवर तुझं उत्तर येऊ दे. आणि या खेपेला मी ओरडणार नाही, तेव्हा खरं सांग. जातं तुला कसं सुचलं?

तुझी,
विजू