माएस्त्रो, तुम्ही गाडी उताराला लावलीत

माएस्त्रो, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे एसटीत "ओ मास्तर, जरा थांबवा" अशी हाक मारतात. बोलिव्हियात चालकाला 'माएस्त्रो' म्हणतात हे उयुनीतल्या पहिल्याच सकाळी कळलं आणि तो शब्द मला घरचाच वाटला. तुमचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. चारचौघांत ते घेतलेलं तुम्हांला चालेल का, हे विचारायचं राहून गेलं.

निरोप घेताना मी फक्त 'ग्रासियास', धन्यवाद, म्हणाले होते. स्पॅनिशमध्ये माझ्यापाशी तेवढंच होतं. त्या एका शब्दात मावणारी गोष्ट नव्हती ती, म्हणून आज वर्षभराने माझ्या भाषेत लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते, कारण तुम्ही ती एकदाही बोलून दाखवली नाहीत. मी समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने थेट ४,०६१ मीटरवरच्या एल आल्तो विमानतळावर उतरले. एक रात्र खाली ला पासमध्ये काढली, दुसऱ्या रात्री उयुनीची बस धरली आणि पहाटे उतरून तासा-दोन तासांत तुमच्या लँड क्रूझरमध्ये बसले. पाच आठवड्यांची रजा हाताशी होती, तरी ही घाई. सह्याद्रीत पंधरा वर्षं भटकले आहे, कळसूबाई कितीदा झाली मोजलेली नाही. पण कळसूबाई १,६४६ मीटरची आणि तुमचं उयुनी त्याच्या दुप्पट उंचीवर. पायांत बळ आहे म्हणजे विरळ हवा सोसेल, असं मी धरून चालले. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त चढवू नये, हे साधं सूत्र मी वाचलेलं होतं. पाळलं नाही. सहल विकणाऱ्यांनी "कोकाच्या पानांचा चहा प्या, काही होत नाही" असं सांगितलं, आणि मला तेच ऐकायचं होतं.

पहिला दिवस सुखाचा गेला. कोल्चानीजवळ मिठाच्या छोट्या छोट्या राशी वाळत घातलेल्या दिसल्या आणि मी गाडी थांबवायला लावली. माझा आजा उरणच्या मिठागरात राबला. राशी ओढायची त्याची रीत मी लहानपणी पाहिली आहे. तुमच्याकडचं मिठाचं मैदान १०,००० चौरस किलोमीटरहून मोठं आणि समुद्रापासून इतकं लांब, पण फावड्याने ओढलेली रास तशीच. मी हातवारे करून आजोबांबद्दल सांगत होते आणि तुम्ही एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. तो घरी देवघराशेजारी आहे.

डोकं दुखायला लागलं ते त्या रात्री. मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कान्यापा, एदिओन्दा अशी एकेक सरोवरं मागे पडत गेली, झाडाच्या आकाराचा तो खडक, 'दगडाचं झाड', पाहून झाला, आणि दुपारी लागुना कोलोरादा आलं. ४,२७८ मीटर. शेवाळांनी आणि गाळाने लाल झालेलं पाणी, मधे टाकणखाराची पांढरी बेटं आणि पाण्यात चोच बुडवून चालणारे हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यात आमच्या ठाणे खाडीत, उरणच्या पाणथळीत येतात ते रोहित वेगळ्या जातीचे. अँडीजमधले पाहायचे म्हणून तर मी एवढ्या लांब आले होते. आणि तिथे उभी राहून मला काहीच वाटलं नाही. कॅमेरा गळ्यात होता, तो उचलावासाही वाटला नाही. तुम्ही गाडीला टेकून माझ्याकडे पाहत होतात. तुम्हांला तेव्हाच शंका आली होती, हो ना?

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी तुम्ही किनोआचं सूप वाढलंत. चालक तुम्ही, स्वयंपाकी तुम्ही, टायर पंक्चर झालं की मेकॅनिकही तुम्हीच. मी सूपला हात लावला नाही. बाहेर जायचं म्हणून बूट घालायला बसले, तर नाडी बांधता येईना. बोटांना ती गाठच आठवेना. उठले तर पाय एकापुढे एक पडेनात, भिंतीवर जाऊन आदळले. बाकीचे पाच जण दमलेत म्हणून झोपायला गेले होते. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात, दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्यात आणि म्हणालात, "बाखामोस." उतरू या.

मी नको म्हटलं. सकाळपर्यंत बरं वाटेल, पैसे भरलेत, बाकीच्यांची सहल बुडेल, काय वाटेल ते बडबडले. त्यातलं बरंचसं मराठीत होतं असं नंतर सहप्रवासी मुलीने सांगितलं. तिनेच हेही सांगितलं की तुम्ही दुसऱ्या गाड्यांच्या माएस्त्रोंना झोपेतून उठवलंत, आपले पाच प्रवासी त्यांच्या गाड्यांत वाटून दिलेत, आणि त्यांतला एक जण "पहाटेपर्यंत थांब, रात्री वाट दिसत नाही" असं म्हणाला तेव्हा "पहाटेपर्यंत तिला वेळ नाही" एवढंच उत्तर दिलंत.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की तो मेंदूला सूज येण्याचा प्रकार होता. तोल जाणं ही त्याची मोठी खूण. औषध आणि प्राणवायू वेळ मिळवून देतात, खरा उपाय खाली उतरणं हाच. आणि 'खाली' कुठे, हे तुम्हांला माहीत होतं म्हणून मी आज लिहिते आहे. नकाशावर पाहिलं तर चिलीतलं सान पेद्रो दे आताकामा जवळ दिसतं, २,४०० मीटरवर. मी तिकडेच न्या म्हणत होते म्हणे. पण त्या वाटेवर सोल दे मान्यानाच्या उकळत्या चिखलाच्या कुंडांपाशी रस्ता ४,८५० मीटरपर्यंत चढतो आणि रात्री सरहद्दही बंद. उतारासाठी आधी सहाशे मीटर चढायचं, अशा अवस्थेत. तुम्ही गाडी उत्तरेला लावलीत, लांबच्या वाटेने, विल्या मार आणि आलोता या गावांकडे.

त्या रात्रीचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तुमच्या सीटखालून निघालेला प्राणवायूचा छोटा सिलिंडर. तो एजन्सीचा नव्हता, तुम्ही स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवला होता, हेही मागाहून समजलं. काचेच्या आतल्या बाजूला धरलेला बर्फ तुम्ही कार्डाने खरवडत होतात. गालात कोकाच्या पानांचा बोकाणा. डॅशबोर्डवर कोपाकाबानाची माता मेरी, निळ्या दिव्यात. रस्ता म्हणजे नुसत्या चाकोऱ्या, त्याही शंभर दिशांना फुटलेल्या. दर थोड्या वेळाने तुम्ही मला नाव विचारत होतात. मी सांगितलं की "ब्येन", छान, म्हणायचात, आणि एकदा मला सांगता आलं नाही तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, गाडीचा वेग मात्र वाढला.

आलोतात तुम्ही एका दारावर थाप मारलीत. एका मावशींनी चुलीपाशी जागा केली आणि माझे पाय आपल्या घोंगडीत गुंडाळले. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की डोक्यातला घण थांबतो आहे. मी सूप मागितलं. तुम्ही तेव्हा हसलात, दोन दिवसांत पहिल्यांदा. उजाडल्यावर उयुनीच्या दवाखान्यात पोहोचवलंत, डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं जाईपर्यंत दाराशी उभे राहिलात. मी पैसे पुढे केले तर डिझेलपुरते मोजून घेतलेत आणि उरलेले माझ्याच जाकिटाच्या खिशात घालून चेन लावलीत. जाताना तिथल्या केचुआ भाषेत एक शब्द शिकवलात, 'आल्यिमांता'. हळूहळू. माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलात.

माझ्या आईला हे सगळं मी घरी आल्यावर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग विचारलं, "त्यांना मुलं किती?" मला सांगता आलं नाही. दोन दिवस तुमच्या शेजारी बसून मी आजोबांबद्दल, रोहितांबद्दल, माझ्याबद्दलच बोलत राहिले होते. याची मला खंत आहे.

पुढचा प्रवास मी तुमच्या शब्दाने केला. तुपिसाला, २,९५० मीटरवर, आठ दिवस नुसती राहिले. मग दम घेत घेत वर. तितिकाका सरोवर पाहिलं, ३,८१२ मीटरवर, आणि या वेळी पाहताना डोळे भरून आले, म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. त्यातल्या इस्ला देल सोल बेटावरच्या पायऱ्या दर दहा पावलांना थांबून चढले. शेजारून ओझं लादलेली गाढवं पुढे निघून गेली, जाऊ दिली.

कोपाकाबानात देवळासमोर गाड्यांची रांग लागली होती. बॉनेटवर फुलांच्या माळा, आरशांना रंगीत कागदाच्या पताका, पाद्री गाडीच्या आत-बाहेर पवित्र पाणी शिंपडत होते आणि मालक चाकांवर बिअर ओतत होते. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचं तोरण बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मी रांगेच्या कडेला उभी होते आणि त्या प्रत्येक गाडीत मला तुम्ही दिसत होतात. एका बाईकडून पिवळ्या फुलांची सर्वांत लांब माळ घेतली. रांगेतला एक चालक उयुनीचा निघाला. तुमचं नाव सांगताच म्हणाला, ओळखतो, आमच्यातलाच. माळ त्याच्या हाती दिली आणि कोणत्या गाडीला बांधायची ते दोनदा सांगितलं.

पोहोचली का ती, माएस्त्रो?

तुमची,
उरणची प्रवासी