गंगेचा गडू आणि काळी पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा थोरल्या काकूंच्या अस्थी घेऊन आम्ही गोव्यातल्या साखळीजवळच्या हरवळ्याला गेलो होतो. रुद्रेश्वराचे दर्शन घेतले, धबधब्याखाली विधी झाले. भटजींनी कलशावर हात ठेवून 'गंगे च यमुने चैव' म्हटले. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी, सातही जणी आमच्या साखळीच्या पाण्यात आल्या. अस्थी सोडल्या आणि पाठोपाठ माझ्याच पुतण्याने मडके आणलेली काळी पिशवी, हार, अगरबत्तीचा पुडा सगळे कोंडात भिरकावले. "जाईल वाहून, काका." कसली जाते! सध्या धार बारीक आहे. पिशवी खडकाला अडकून फुगली आणि आम्ही निघेपर्यंत तिथेच डुलत होती. मीही काही बोललो नाही, हे कबूल करतो. अशा वेळी कोण बोलतो?

आजी काशीहून आली तेव्हा घरात मावंदे, म्हणजे यात्रेनंतरचे जेवण, झाले होते. तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू देवघरात असे. त्याला उष्ट्या हाताने शिवलेले तिला खपत नसे. आम्ही त्याच घरातले.

सगराच्या साठ हजार पुत्रांच्या राखेला गती मिळावी म्हणून भगीरथाने गंगा खाली आणली, म्हणजे राखेचे तिला वावडे नाहीच. प्लास्टिकचे काय? त्या अडीच हजार किलोमीटरच्या नदीत पाच राज्यांचे सांडपाणी उतरते. १९८६ मध्ये गंगा कृती योजना आली, २०१४ मध्ये 'नमामि गंगे', तरी काम सरलेले नाही. आमच्या कोंडाला एक पिंप आणि ते वेळेवर रिकामे करणारा एक माणूस पुरेल.

आणि भटजींनी संकल्पाआधीच सांगावे, पिशव्या बाहेर ठेवा. पंचायतीचा फलक कुणी वाचत नाही, पण त्या घटकेला भटजींचा शब्द सगळे ऐकतात. पाऊस लागला की हे सारे मांडवी नदीत उतरणार, आणि गोकुळाष्टमीला आपण नार्व्याला पंचगंगेच्या संगमात पुण्य जोडायला बुडी मारणार!

दहाव्याला पुन्हा तिथेच जायचे आहे. काठीला आकडी बांधून ठेवली आहे. पिशवी पुतण्याकडूनच काढून घेईन.

आपला,
एक वाचक, साखळी