पिवळ्या प्रतींसाठी आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेतले मुंबई विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे सगळे कागद स्कॅन करून झाले. पत्र मुद्दाम उघड लिहितोय. मुंबईत आणखी कुणाच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल, तर ती रद्दीवाल्याकडे जाण्याआधी हे त्यांच्या वाचनात यावं.

सगळ्यात आधी आभार पिवळ्या कागदांचे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या पद्धतीत स्कोअरशीटच्या, म्हणजे सामन्याच्या गुणपत्रकाच्या मूळ पानाखाली तीन प्रती निघतात. मूळ पान आणि निळी प्रत वरच्या संघटनेकडे आणि आयोजकांकडे जाते, गुलाबी जिंकलेल्या संघाला मिळते, पिवळी हरलेल्या. गुलाबी प्रत करंडकाबरोबर जिमखान्यात पोचते आणि फाइलला लागते. पिवळी बहुधा परतीच्या गाडीत डब्याखाली अंथरली जाते. म्हणून विद्यापीठाच्या महिला संघाचा इतिहास नुसत्या फायलींवरून लिहायला बसलं, तर आपल्या मुली कधी हरल्याच नाहीत असं वाटू लागतं. संघव्यवस्थापक म्हणून तुम्ही पिवळ्या प्रतीही तारखेप्रमाणे लावून ठेवल्यात. कोणत्या सामन्यात कोण पाच फाउलवर बाहेर गेलं आणि शेवटची मिनिटं कुणी खेळून काढली, हे त्यांच्यामुळेच कळतं.

4 एप्रिल 1896 ला स्टॅनफर्डच्या मुलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला हरवलं. दोन विद्यापीठांतला तो महिलांचा पहिला सामना, आणि त्याचा 2-1 हा स्कोअर आजही सांगता येतो. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या सेमीफायनलबद्दल विचारलं तर 'जिंकलो होतो बहुतेक' एवढंच उत्तर मिळतं.

कार्बन प्रतींनी मात्र चांगलंच दमवलं. मूळ पानावर लाल आणि निळ्या पेनांची पाळी असते. हल्ली पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा किंवा काळा. कार्बनखाली दोन्ही रंग सारखेच उमटतात, त्यामुळे कोणता बास्केट कधी झाला ते रंगावरून कळत नाही. अशा वेळी रनिंग स्कोअरच्या, म्हणजे गुणांची चढती बेरीज खुणावत जायच्या रकान्यात क्वार्टर संपल्यावर शेवटच्या आकड्याभोवती काढलेलं जाड वर्तुळ आणि त्याखालची आडवी रेघ शोधायची. तीही पुसट असेल तर खालच्या चौकटीतल्या बेरजेवरून मागे यायचं.

फ्री थ्रोचं, म्हणजे समोरच्यांच्या फाउलमुळे मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकीचं गणित तुमच्या पानांवरून बरंच सुटलं. झालेला फ्री थ्रो ठळक टिंबाने दाखवतात, हुकलेल्याची खूण रनिंग स्कोअरमध्ये कुठेच नसते. पण समोरच्या संघाच्या फाउलच्या रकान्यात 'पी'शेजारी (पी म्हणजे पर्सनल फाउल) बारीक 1, 2 किंवा 3 असतो, म्हणजे तितके फ्री थ्रो दिले गेले. त्या आकड्यांची बेरीज आणि टिंबांची संख्या शेजारी ठेवली की किती हुकले ते निघतं. रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि असिस्ट (बास्केट करून देणारा पास) या पानावरून काढता येत नाहीत. कुणी तसे आकडे दिले तर ते कुठून आणले हे आधी विचारावं.

एका पानावर 39 वर तिरकी रेघ, म्हणजे बास्केटची खूण आहे, शेजारी आपल्या कॅप्टनचा नंबर, आणि समासात तुमच्या बारीक पेन्सिलीत 'त्यांच्याच मुलीच्या हाताला लागून आत'. ही ओळ नसती तर ते दोन गुण आम्ही बिनधास्त कॅप्टनच्या कौशल्यात जमा केले असते. कुणी चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये बॉल टाकला, तर गुण समोरच्या संघाच्या कोर्टवरच्या कॅप्टनच्या नावे लिहायचे, असा नियम आहे. अधिकृत बेरीज आम्ही तशीच ठेवली आहे, खाली टीप जोडली आहे.

वर्षांची तुलना करतानाही जपून चालावं लागलं. 2000 पर्यंत 20 मिनिटांचे दोन हाफ आणि 30 सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात बास्केटकडे बॉल टाकायचाच) होता, पुढे 10 मिनिटांचे चार क्वार्टर आणि 24 सेकंद झाले. 2004 पासून महिलांना 6 नंबरचा लहान बॉल मिळाला. थ्री पॉइंटर, म्हणजे ठरावीक रेघेबाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण, फिबाने 1984 साली आणला, पण म्हणून इथल्या कोर्टवर त्याच वर्षी रेघ मारली गेली असं धरता येत नाही. तीन गुणांच्या बास्केटसाठी खेळाडूच्या नंबरभोवती वर्तुळ काढतात, ते पहिल्यांदा ज्या पानावर दिसतं, तीच तारीख आम्ही धरली.

नावांचा घोळ वेगळाच. 'पाटील एस.' हे एकाच स्पर्धेत दोन कॉलेजांतून सापडतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत नावही. तुम्ही पात्रता अर्जांच्या प्रती ठेवल्या होत्या म्हणून वडिलांचं नाव आणि जन्मतारीख ताडून पाहता आली. 'बॉम्बे' आणि 'मुंबई' हा एकच संघ आहे, नाव 1996 साली बदललं. एसएनडीटी मात्र स्वतंत्र विद्यापीठ, त्यांचा संघ वेगळा. मुंबईचीच मुलगी म्हणून तिला आपल्या यादीत ओढायचा मोह होतो, तो आवरला.

आता कागदांबद्दल. गंजलेल्या पिना मागून पाय सरळ करून काढल्या. ओढून काढल्या तर कागद फाटतो. सेलोटेप कुठेच लावली नाही, ती काही वर्षांत तपकिरी होते आणि डाग ठेवून जाते. लॅमिनेशनही केलं नाही, कारण ते नंतर काढता येत नाही. स्कॅन रंगीत आणि 400 डीपीआयवर केले, काळ्यापांढऱ्यात तुमची पेन्सिल नाहीशी होते. मूळ कागद आम्लरहित फोल्डरांत आडवे ठेवून परत पाठवतोय. पावसाळ्यात पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळी असू द्या. सिलिका जेलच्या पुड्या घातल्या आहेत, त्या बदलाव्या लागतील. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, ओल जात नाही.

एक विनंती. वरच्या फोल्डरात चार पानं वेगळी काढली आहेत. त्यांवर 8 आहे की 3, ते आमच्यापैकी कुणालाच ठरवता येत नाही. सवडीने नजर टाकाल का? मूळ कागदावर काही लिहू नका, सोबत झेरॉक्स आहेत.

आपले,
विद्यापीठ महिला बास्केटबॉलच्या नोंदी जुळवणारे आम्ही सगळे
मुंबई