उजव्या सीटवरून

रामबाग, इंदूर

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला. लायसन्स मिळालं, एअरबसचं ट्रेनिंग झालं, मग आता अडलंय कुठे? आणि विमान तर कॉम्प्युटरच उडवतो ना? हे दोन्ही प्रश्न हल्ली मला लग्नकार्यात, किराणा दुकानात, सगळीकडे विचारतात. तिथे मी दोन वाक्यांत आटोपतं घेतो. तुला मात्र सविस्तर लिहायचंय, कारण जे सांगायचं आहे ते तुझ्या ऑपरेशन थिएटरशीही जोडलेलं आहे.

अडलेलं काही नाही. सिम्युलेटरची शेवटची परीक्षा झाली, आता लायसन्सवर ए-३२० या एअरबस विमानाची नोंद व्हायची आहे. ती झाली की बेस ट्रेनिंग. म्हणजे प्रवासी नसलेलं खरं विमान घ्यायचं, उतरवायचं, परत उडवायचं, परत उतरवायचं. त्यानंतर ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवाशांसह लाइन ट्रेनिंग, आणि सुरुवातीच्या फ्लाइटना मागे एक सेफ्टी पायलट. कॅप्टनकीसाठी एटीपीएल, म्हणजे सगळ्यात वरचं पायलट लायसन्स लागतं, त्याला १५०० तास हवेत. ते अजून फार दूर आहे. तोवर माझी जागा उजव्या सीटवर, म्हणजे फर्स्ट ऑफिसरची; कॅप्टन डावीकडे बसतो.

या उजव्या सीटचंच तुला सांगायचंय.

फ्लाइंग स्कूलमध्ये सगळा भर एकट्याने करण्यावर असतो. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास लागतात, त्यांतले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर असताना. एक ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबची फ्लाइट असते, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. सेस्नात, म्हणजे सरावाच्या छोट्या विमानात, शेजारची सीट रिकामी. नकाशा आपला, रेडिओ आपला, ढग दिसला तर वळायचं की नाही हा निर्णयही आपला. त्या तासांनी मला जे दिलं त्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. अकराशे किलोचं विमान एकट्याने घेऊन जायचं आणि सुखरूप परत आणायचं, यातून अंगात एक धीर येतो. पण त्या दोनशे तासांत दुसऱ्या माणसाबरोबर उडायची सवय जवळजवळ लागत नाही.

सिम्युलेटरच्या पहिल्याच दिवशी ट्रेनर आम्हाला म्हणाले, "तुम्हाला विमान उडवता येतं असं मी धरून चालतो. तुम्हाला बोलता येतं का, ते मला बघायचंय."

एअरबसमध्ये दोघांपैकी एक विमान उडवतो आणि दुसरा मॉनिटर करतो. फ्लाइटगणिक हे काम आलटून पालटून होतं, दर वेळी कॅप्टनच उडवतो असं नाही. मॉनिटर करणं म्हणजे नुसतं बघत बसणं नव्हे. कंट्रोलरने "फ्लाइट लेव्हल वन फाइव्ह झिरो" (म्हणजे साधारण १५,००० फूट) सांगितलं की मॉनिटर करणारा ते रेडिओवर परत म्हणतो. उडवणारा नॉब फिरवून आकडा लावतो, आणि दोघंही स्क्रीनवर तो आकडा पाहून मोठ्याने म्हणतात. ऑटोपायलट आपण सांगू तेच करतो. आकडा चुकीचा लावला, तर तो चुकीच्या उंचीवरही तितक्याच इमानदारीने जाईल. म्हणून कॉम्प्युटर नेमकं काय करतोय हे प्रत्येक बदलाला वाचून दाखवायचं असतं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आणखी एक गोष्ट बघ. या विमानात दोघांच्या बाजूला दोन छोट्या साइडस्टिक, म्हणजे विमान हाताने उडवायच्या दांड्या, असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. सेस्नात इन्स्ट्रक्टरने योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढलं की माझ्या हातातलंही हलायचं. इथे कॅप्टनच्या हाताने काय केलं ते माझ्या हाताला कळत नाही. ते मला स्पीड, पिच (नाक किती वर-खाली), उतरण्याचा दर या आकड्यांवरून ताडायचं असतं आणि ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की त्याच क्षणी म्हणायचं असतं: "स्पीड." "सिंक रेट." एकेक, दोनदोन शब्द. पण समोरचा माणूस मी जन्मलो तेव्हापासून उडतोय, अशा वेळी तो एक शब्द जिभेवर आणणं किती जड जातं, ते तुला सांगायला नकोच.

आपण कुठल्या घरांत वाढलो, आठव. मोठ्यांच्या तोंडी लागू नये, विचारल्याशिवाय बोलू नये. आजोबांनी रिक्षावाल्याला चुकीचा रस्ता सांगितला तरी आपण मागे गप्प बसायचो. त्या संस्कारांनी मला खूप दिलंय, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण कॉकपिटमध्ये ती मर्यादा माणसं मारू शकते, आणि तिने मारलीही आहेत.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे गेलं आणि खाली दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. चौकशी अहवालात लिहिलंय की विमान फार उंचावरून, फार वेगात येत होतं आणि फर्स्ट ऑफिसरने तीनदा गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता परत वर जायला सांगितलं होतं. तो बोलला होता, मंदार. त्याला दिसत होतं आणि तो बोललाही. तरी विमान उतरवलं गेलं. हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री उशिरापर्यंत जागा होतो, आणि त्या उजव्या सीटवरच्या माणसाबद्दल आजही मला फार वाटतं.

म्हणूनच आता आम्हाला बोलण्याच्या पायऱ्या शिकवतात. आधी दिसतंय ते सांग. मग काळजी स्पष्ट शब्दांत सांग. मग "गो-अराउंड" म्हण. दोनदा सांगून उत्तर आलं नाही, तर समोरच्याला काहीतरी झालंय असं धर आणि "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान हातात घे. हे कागदावर सोपं वाटतं. सिम्युलेटरमध्ये ट्रेनर मुद्दाम डाव्या सीटवर बसून धावपट्टीकडे चुकीचं उतरत येतात आणि उत्तरच देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या हाकेनंतरचे ते दोन-तीन सेकंद फार लांब असतात.

याउलट, घाई न करणं हेही तितक्याच कडकपणे शिकवतात. टेक-ऑफला ऐन वेगात इंजिन बंद पडलं की विमान एका बाजूला ओढलं जातं, ते सरळ ठेवायला पाय रडरच्या पेडलवर जातो, घंटी वाजायला लागते. तरी ४०० फूट येईपर्यंत विमान सरळ आणि चढतं ठेवायचं, गिअर (चाकं) वर घ्यायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. मग चेकलिस्ट. बिघडलेलं इंजिन बंद करायचा स्विच ओढण्यापूर्वी मॉनिटर करणारा त्यावर बोटं ठेवतो आणि म्हणतो, "इंजिन मास्टर टू, कन्फर्म?" उडवणारा मान वळवून, त्या बोटांखाली कोणता नंबर आहे ते डोळ्यांनी पाहतो आणि मगच "कन्फर्म" म्हणतो. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थला बिघडलेल्याऐवजी चांगलं चालणारं इंजिन बंद केलं गेलं आणि ४७ लोक गेले. २०१५ मध्ये तैपेईतही तेच घडलं, तिथे ४३. त्या एका शब्दामागे ही सगळी माणसं उभी आहेत. म्हणून सरावातसुद्धा तो शब्द कुणी पुटपुटला की ट्रेनर सगळं थांबवतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

मध्यंतरी जंप सीटवरून, म्हणजे कॉकपिटमधल्या मागच्या जादा सीटवरून, एक फ्लाइट बघायला मिळाली आणि ती नेमकी आपल्या गावाची निघाली. यशवंत सागर तलावाचं पाणी दिसलं तेव्हा आतून काय झालं ते लिहिता येणार नाही. ज्या बिजासन टेकडीवरून नवरात्रात आपण विमानं मोजायचो, तिच्या बाजूलाच उतरत होतो. पण माझं लक्ष त्या दोघांवर होतं. आपलं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर आहे, त्यामुळे धावपट्टीच्या वर १००० फूट असताना आल्टिमीटर २८५० च्या आसपास दाखवतो. तिथे फर्स्ट ऑफिसर, वयाने माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी, म्हणाली, "वन थाउजंड, स्टेबल." म्हणजे हजार फूट, सगळं ठरल्याप्रमाणे आहे. कॅप्टन पांढऱ्या केसांचे. त्यांनी मान डोलावून भागवलं नाही, तोंडाने उत्तर दिलं. त्याआधी ब्रीफिंगमध्ये ते तिला म्हणाले होते, "काही वेगळं दिसलं तर लगेच सांग, मी वाट बघतोय." मला वाटतं, बोलण्याचं निम्मं काम अशी वरची माणसंच करतात. लहानाला कितीही पायऱ्या शिकवा, वरचा ऐकणारा नसेल तर दर फ्लाइटला भांडणाची तयारी ठेवून बसावं लागेल.

आता तुझ्याकडे येतो. सर्जरीच्या आधी तुम्ही जी चेकलिस्ट वाचता, जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची, तिची कल्पना आमच्याकडूनच तुमच्याकडे गेली. पण ती वाचताना तुझ्या थिएटरमध्ये ज्युनिअर रेसिडेंट किंवा सिस्टर खरंच "थांबा" म्हणू शकते का? म्हटलं तर काय होतं? हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. सविस्तर लिही.

तुझ्या मामेभावाबद्दल विचारलं होतंस. त्याला सांग, फी भरायच्या आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी करून घे. डोळ्यांत किंवा हृदयात काही निघालं तर ते पैसे भरल्यावर कळू नये. लायसन्सपर्यंत पन्नास लाखांच्या पुढे खर्च जातो आणि टाइप रेटिंगचे (एका ठराविक विमानाच्या ट्रेनिंगचे) पैसे बहुतेक वेळा वेगळे, ते घरी आधीच बोलून ठेवावं. लायसन्स हातात घेऊन थांबलेले माझ्या बॅचचे मित्र आहेत, चांगलं उडवणारे. त्यांचं मेडिकल दर वर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) दर वर्षी, आणि नोकरीची जाहिरात कधी येईल ते कुणाच्याच हातात नाही. हे त्याला न घाबरवता, पण पूर्ण सांग. तरीही यायचंच असेल तर माझा नंबर दे. हवामान आणि नॅव्हिगेशनच्या माझ्या सगळ्या नोट्स त्याच्यासाठी काढून ठेवतो.

लायसन्सवर नोंद आली की लगेच निघावं लागेल, त्यामुळे दिवाळीचं नक्की सांगत नाही. तू इंदूरला येणार असशील तर तारखा आधी कळव, रोस्टर लागायच्या आत सुट्टी मागून बघतो.

काकूंना आणि काकांना नमस्कार.

तुझा,
अनिकेत