विषय: कागलला माल उतरवून ठेवल्याने बसलेला दंड व ‘सीमा शुल्क’ परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, मुख्य कार्यालय (मालवाहतूक कंपनी)

महोदय,

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीतून कास्टिंग मशिनिंगसाठी बेळगावच्या उद्यमबागेत जाते. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. गेल्या महिन्यातला माल तुमच्या गाडीने राज्याच्या हद्दीजवळ कागलच्या तुमच्या गोडाऊनला उतरवला आणि ‘कर्नाटक पासिंगची गाडी आली की जाईल’ म्हणत तिथेच ठेवला.

जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा, माल परराज्यात पाठवताना किंमत कितीही असो, ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) लागतेच. 200 किलोमीटरपर्यंत त्याची मुदत एकच दिवस. तुमच्या लोकांनी ती वाढवून घेतली नाही. माल दुसऱ्या गाडीत चढवला, पण ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर भरला नाही. संकेश्वरजवळ गाडी अडवली आणि दंड आम्हाला भरावा लागला. उद्यमबागेत आमच्यासाठी राखलेली मशीन तोवर दुसऱ्याच्या कामाला लागली होती. आता कोल्हापूर शाखा बेळगावकडे बोट दाखवते, बेळगाव कोल्हापूरकडे. बिल्टी (माल पाठवल्याची तुमची पावती) एकच आहे ना?

वर बिलात राज्याची हद्द ओलांडल्याचे म्हणून ‘सीमा शुल्क’. हे शुल्क कोणाला भरले, त्याची पावती दाखवा. 2017 साली जीएसटी आल्यावर राज्यांनी विक्रीकराचे नाके उठवले. ट्रकचा नॅशनल परमिट (परराज्यात माल नेण्याचा परवाना) 2010 पासून वार्षिक शुल्कावर देशभर चालते. राज्यांनी एकमेकांशी जुळवून घेतले, तुमच्या दोन शाखांना ते अजून जमत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये सीमावादातून बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा तुम्ही गाड्या थांबवल्यात. ते योग्यच होते, ड्रायव्हरचा जीव आधी. पण त्या दिवसांपुरती केलेली सोय कायमची का झाली?

एमएच (महाराष्ट्र पासिंगची) गाडी थेट उद्यमबागेत जाऊ द्या आणि तिथली तयार कास्टिंग घेऊन तिलाच परत आणा. बेळगाव-हुबळी असे कर्नाटकातल्या कर्नाटकातले भाडे तिला घेता येत नाही, बेळगाव-कोल्हापूर घेता येते. तुमची रिकामी फेरी वाचेल, आमची दुहेरी हमाली वाचेल आणि दोनदा चढ-उतार करताना कास्टिंगचे कोपरे तुटणार नाहीत.

दंडाची पूर्ण रक्कम व ‘सीमा शुल्क’ परत करावे. यापुढे बिल्टीवर दोन्ही शाखांसाठी एकाच जबाबदार माणसाचे नाव व फोन हवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोपर्यंत या बिलाचे उरलेले भाडे आम्ही रोखून ठेवत आहोत.

आपला,
फाउंड्री मालक, शिरोली