अंगणवाडीची तुलना कशावरून?

महोदय,
जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांची तुलना करताना आपण आधी इमारत बघतो. भिंतीवर बाराखडी, चकचकीत फरशी, की झाली 'आदर्श'! वेल्ह्याकडच्या एका वाडीत अंगणवाडी देवळाच्या ओवरीत भरते. तिथल्या सेविकाताई चिंचोके मोजायला लावून अंक शिकवतात. पोरं घरी जायचं नाव घेत नाहीत. १९७५ पासूनची ही अंगणवाडी योजना; आहार, लसीकरणाला मदत, वजन-उंची, पूर्वशिक्षण, सगळं सेविकेच्याच गळ्यात. वर 'पोषण ट्रॅकर' या सरकारी मोबाइल ॲपवरच्या नोंदी, तेही डोंगरात रेंज शोधत! तपासायचंच तर वजनकाटा चालतो का, खिचडी रोज शिजते का आणि मदतनिसाचं पद भरलंय का, हे आधी तपासा. रंगरंगोटी नंतर बघू.

– एक वाचक, कोथरूड, पुणे