ॲसिडिटीची गोळी कधी थांबवायची, तेही चिठ्ठीवर येऊ द्या

मा. आरोग्यमंत्री यांस,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात एक आजी औषधांची पिशवी घेऊन आल्या. सहा वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी त्यांना दहा दिवसांची वेदनाशामक गोळी मिळाली होती आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी ॲसिडिटीची गोळी. वेदनाशामक केव्हाच संपलं. पॅन्टोप्राझोल मात्र रोज सकाळी उपाशीपोटी चालूच. कशासाठी घेता, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हीच लिहून देता ना, डॉक्टर?" जुने कागद काढले. गेली चार वर्षं खाली माझीच सही होती.

ही औषधं वाईट आहेत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांच्या अल्सरमधून एकदा रक्तस्राव झालाय आणि ज्यांना ॲस्पिरिन सोडता येत नाही, ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर सूज आहे किंवा बॅरेट्सचा विकार (आम्लामुळे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरात झालेला बदल) आहे, त्यांनी ही गोळी स्वतःहून बंद करू नये. भीती घालण्यातही अर्थ नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेसतरा हजारांहून अधिक लोकांना सुमारे तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली होती. त्यात आतड्यांचे संसर्ग तेवढे वाढलेले दिसले. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि गरजच नसेल तर एवढा धोका तरी का पत्करायचा? साध्या जळजळीला बहुधा चार ते आठ आठवडे पुरतात.

मग गोळी सुटत का नाही? आजींनी एकदा ती आपणहून बंद केली होती. थोड्याच दिवसांत छातीत आग, आंबट ढेकर. दुखणं उलटलं असं वाटून त्यांनी पुन्हा सुरू केली. खरं तर आम्ल इतके दिवस दाबून ठेवलं की गोळी थांबताच काही काळ ते जास्तच तयार होतं. २००९ च्या एका अभ्यासात, पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांना आठ आठवडे याच प्रकारची गोळी देऊन ती थांबवली, तर त्यांच्यातल्या ४४ टक्के जणांना असा त्रास झाला. म्हणजे धडधाकट माणसालाही या गोळीची गरज भासू लागते. रुग्णाला हे आधी कुणी सांगतच नाही.

म्हणून विनंती आहे. या गोळीच्या प्रत्येक चिठ्ठीवर, रुग्णालयातून घरी सोडतानाच्या कागदावरसुद्धा, ती कशासाठी दिली आणि कधी थांबवायची हे लिहिणं बंधनकारक करा. मुदत उलटली की रुग्णाशी बोलल्याशिवाय ती पुढे चालू राहू नये. गिळायला त्रास, काळी शौच, उगाच घटणारं वजन असेल तर गोळी वाढवत न बसता तपासणीला पाठवायचं, हेही त्यातच यावं.

आणि आम्हाला वेळ द्या. आजींची मात्रा आधी अर्धी केली, मग एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात जळजळ झाली, पण ती का होते हे ठाऊक असल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. हे समजावायला मला वीस मिनिटं लागली. जुनी चिठ्ठी पुढे चालू ठेवायला एक मिनिटही लागत नाही, आणि बाहेर रांग असते तेव्हा मी आजही तेच करतो.

आपला विश्वासू,
एक फॅमिली डॉक्टर